समोर आभाळ आहे की शेजारी?



दुष्काळी पट्ट्यातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. पत्राचा सारांश असा : "माझी विहीर पंचेचाळीस फूट खोल आहे. दोन एकर उन्हाळी कांदा निघेल एवढे पाणी ती मार्चपर्यंत देत असे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या बांधावरच्या गड्याने तीनशे फुटांचे बोअर घेतले. यंदा माझ्या विहिरीने जानेवारीतच तळ दाखवला. मी चारशे फुटांचे बोअर घ्यावे का? घरात एकमत नाही. मंडळी म्हणते, अंगावरचे डाग मोडून जमिनीला भोक पाडू नका. मुलगा म्हणतो, थांबलो तर उरलेलेही पाणी जाईल. काय करावे ते कळवावे."

पत्र एकाचे असले तरी प्रश्न शेकडो घरांचा आहे. चारशे फूट घ्यावे की पाचशे, याचे उत्तर फुटांत देता येत नाही. आधी हा निर्णय कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे लागते. बी-बियाण्याची जात आपण पारखून घेतो, तशी निर्णयाचीही जात पारखावी लागते. ती चुकली तर हिशेब बिनचूक असूनही घर बुडते. आज एवढेच समजून घेऊ आणि शेवटी या पत्राला उत्तर देऊ.

आभाळाशी मांडलेला डाव

शेतीतल्या पुष्कळ निर्णयांत समोर दुसरा माणूस नसतो. समोर आभाळ असते, जमीन असते, थंडी-वारा असतो. रब्बी ज्वारीचेच घ्या. हलक्या जमिनीत फुले अनुराधा पेरावी, मध्यम जमिनीत मालदांडी पेरावी, भारी जमिनीत फुले वसुधा पेरावी, असे आम्ही सांगतो. त्यातले कोणते बी घ्यायचे हे तुम्ही तुमची माती आणि तिच्यातली ओल पाहून ठरवता. तुम्ही काय पेरले हे बघून पाऊस पडत नाही. तुम्ही मालदांडी पेरली म्हणून थंडी कमी होत नाही. आभाळ लहरी असेल, पण ते तुमच्यावर डाव टाकत नाही.

अशा निर्णयाला आपल्या घरचा हिशेब पुरतो. साल चांगले गेले तर किती मिळेल, वाईट गेले तर किती जाईल, आणि वाईट गेले तर घर तगेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही गोड असले तरी मागे फिरावे. आपल्या वाडवडिलांनी बाजरीत तूर आणि मटकी मिसळून पेरली ती याच हिशेबाने. एक गेले तर दुसरे हाती लागावे, एवढाच त्यातला हेतू. अर्थशास्त्रात याला एकट्याचा निर्णय म्हणतात. इथे जो जास्त मोजून बघतो तो जिंकतो.

माणसाशी मांडलेला डाव

दुसऱ्या जातीच्या निर्णयात समोर माणूस असतो. तोही तुमच्यासारखाच उंबऱ्यावर बसून विचार करत असतो. तुम्हाला काय मिळेल हे तुमच्या एकट्याच्या निर्णयावर ठरत नाही. तो काय करतो यावरही ते ठरते. आणि तो काय करील हे, तुम्ही काय कराल असे त्याला वाटते त्यावर ठरते. अर्थशास्त्रात याला डावपेचाचा निर्णय म्हणतात. बोअरचा निर्णय या जातीचा आहे.

आकडे मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घालून पाहावेत.

समजा, बांधाला बांध लागून दोन शेतकरी आहेत. एक उगवतीचा, दुसरा मावळतीचा. दोघांच्या विहिरी एकाच झऱ्यावर आहेत. त्या झऱ्याच्या पाण्यावर दोघांचे मिळून वर्षाला १ लाख २० हजार रुपये हाती राहतात. दोघेही विहिरीवर थांबले, तर प्रत्येकाला ६० हजार.

आता एकट्या उगवतीच्याने बोअर घेतले. तो खालून पाणी ओढतो आणि एक लाखाचे पीक काढतो. मावळतीच्याला २० हजारांपुरतेच पाणी उरते. बोअर, केसिंग, मोटार, केबल आणि कर्जाचे व्याज मिळून वर्षाला २० हजारांचा बोजा धरला, तर उगवतीच्याच्या पदरात ८० हजार पडतात.

मग मावळतीच्यानेही बोअर घेतले. पाणी पुन्हा निम्मे निम्मे झाले. पीक प्रत्येकी ६० हजारांचे आले, त्यातून बोअरचे २० हजार गेले. प्रत्येकाच्या हाती ४० हजार राहिले.

आता उगवतीच्याच्या जागी बसून विचार करा. मावळतीचा थांबला, तर बोअर घेतल्याने मला साठाचे ऐंशी होतात. त्याने घेतले, तर बोअर घेतल्याने माझे विसाचे चाळीस होतात. म्हणजे तो काहीही करो, मी बोअर घेणेच बरे. हिशेबात कुठे चूक नाही. मावळतीचाही अगदी हाच हिशेब करतो, आणि त्याचाही बरोबर येतो. दोघांचे हिशेब बरोबर, आणि दोघे साठावरून चाळिसावर आले!

यात कोणी मूर्ख नाही आणि कोणी दुष्टही नाही. झऱ्याचे पाणी सगळ्या वेळी १ लाख २० हजारांचेच होते. दोन बोअर घेतल्याने जमिनीखाली तांब्याभरही पाणी वाढले नाही. वाढला तो खर्च, आणि तो बोअरच्या गाडीवाल्याकडे, मोटारीच्या दुकानदाराकडे आणि सावकाराकडे गेला. घरातले डाग गहाण पडले ते जास्त पाण्यासाठी नव्हे, पूर्वीचेच पाणी पुन्हा मिळवण्यासाठी.

या जातीच्या डावांचा अभ्यास करणारे एक शास्त्रच आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या दोघांनी १९४४ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १९५० च्या सुमारास जॉन नॅश या तरुण अमेरिकन गणितज्ञाने ते पुढे नेले. त्या कामाबद्दल त्यांना १९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा अभ्यासकांबरोबर मिळाले. १९५० सालीच अल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांची गोष्ट सांगून हा पेच मांडला. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडले आहे. दुसऱ्यावर आळ घालणाऱ्याची शिक्षा कमी होणार आहे. दोघे गप्प राहिले तर दोघेही थोडक्यात सुटतील. पण दुसरा गप्प राहील याचा भरवसा कोणालाच नाही, म्हणून दोघेही बोलतात आणि दोघेही जास्त शिक्षा भोगतात. आपले उगवतीचे आणि मावळतीचे दोघे त्या कैद्यांसारखेच अडकले आहेत. फरक एकच. कैद्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते. आपल्या दोघांमध्ये केवळ एक बांध आहे.

खडकाखाली समुद्र नाही

"आणखी खोल गेले की आणखी पाणी" ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या खडकावर वसला आहे. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. खाली जावे तसा खडक बहुतेक ठिकाणी घट्ट होत जातो आणि भेगा विरळ होतात. पाचशे फुटांवर नशिबाने एखादी भेग लागली, तरी ती भरते कशाने? वरून मुरणाऱ्या पावसानेच. म्हणजे खोल बोअर बहुधा नवे पाणी आणत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीत जाणारे पाणी वाटेत अडवते, किंवा अनेक वर्षांत साठलेले पाणी एका हंगामात उपसून टाकते.

पाणाड्याने नारळ उभा केला काय किंवा काठी फिरवली काय, हा हिशेब बदलत नाही. कोरड्या गेलेल्या बोअरचे कर्ज मात्र ओल्या बोअरइतकेच फेडावे लागते.

गावांनी काढलेले तोडगे

या पेचातून सुटायचे कसे? नुसता उपदेश करून ते होत नाही. "सर्वांनी जपून पाणी वापरावे" असे म्हटले, तर जपून वापरणाऱ्याचे पाणी न जपणारा ओढून नेतो. चांगुलपणा करणाऱ्याचाच तोटा होत असेल, तर तो फार दिवस टिकत नाही. म्हणून नियम लागतो. तो सर्वांनी मिळून, पेरणीच्या आधी केलेला असावा लागतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस असावा लागतो. आपल्याच मुलखात हे झाले आहे.

पहिला दाखला फड पद्धतीचा. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्याखालची जमीन फडांत, साधारणपणे चार फडांत, वाटलेली असे. एका फडात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके. कोणत्या फडात काय घ्यायचे हे एकेकट्या मालकाने ठरवायचे नाही, सर्वांनी मिळून ठरवायचे. दरवर्षी फेरपालट होई. बहुतेकांची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी असल्याने कोणाच्याच वाट्याला कायमचा ऊस किंवा कायमची जिरायत येत नसे. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी कमी पडले तर किती फड भिजवायचे ते आधीच ठरे. ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. त्या लोकांनी अर्थशास्त्र वाचले नव्हते. पण शेजाऱ्याच्या निर्णयाशी आपला निर्णय बांधला गेला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरा दाखला पाणी पंचायतीचा. १९७२ च्या दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, देवस्थानाच्या सुमारे ४० एकर माळरानावर काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायतीचे नियम तयार झाले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. या पाण्यावर ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वाटा लाभधारकांनीही उचलायचा. ऊसबंदी अनेकांना जाचक वाटली. पण हिशेब बघा. एक एकर ऊस जितके पाणी पितो तेवढ्यात पाच-सहा एकर हरभरा निघतो. एकाच्या उसामागे पाच घरे कोरडी ठेवायची की पाचांच्या घरात दाणा न्यायचा, एवढाच तो प्रश्न होता.

तिसरा दाखला हिवरे बाजारचा. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामे पुष्कळ गावांनी केली आहेत. हिवरे बाजारने पाणी अडवले आणि त्या पाण्याला नियमही घातला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके नाहीत. पावसाळा संपला की गावचा पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यावर रब्बीचे पीक ठरवायचे. पाऊस कमी झाला तर पिके कमी करायची. ज्या गावांनी पाणी अडवले पण उपशाला नियम घातला नाही, तिथे भरलेल्या विहिरींच्या काठी नवी बोअरे आली आणि चार-दोन वर्षांत पुन्हा टँकरची वाट पाहणे नशिबी आले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी जगभरातल्या अशा सामाईक पाण्याचा, कुरणांचा आणि मासेमारीचा अभ्यास केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी दाखवून दिले की सामाईक वस्तू नेहमी लुटलीच जाते असे नाही. जिथे वाटेकरी कोण हे स्पष्ट असते, नियम वाटेकऱ्यांनी स्वतः केलेले असतात, राखण करणारा त्यांच्यातलाच असतो, पहिल्या चुकीला थोडा आणि पुढच्या चुकीला जास्त दंड असतो आणि भांडण गावातच लवकर मिटते, तिथे व्यवस्था टिकते. आपल्याकडे म्हणतातच, गाव करी ते राव न करी.

सगळे डाव सारखे नसतात

माणसाशी मांडलेला प्रत्येक डाव बोअरसारखा अवघड नसतो. काही डाव सोपे असतात, त्यांत वेळ तेवढी जुळवावी लागते. सगळ्या शिवारात तुम्ही एकट्यानेच बाजरी पेरली किंवा आगाप ज्वारी केली, तर पंचक्रोशीतली पाखरे तुमच्याच रानात उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफण कितीही फिरवा, कणसे निम्मी होतात. तेच साऱ्या शिवाराने एका आठवड्यात पेरले, तर पाखरांचा घास सर्वांत वाटला जातो. इथे दंडाची गरज नाही, कारण ठरल्याप्रमाणे वागण्यात प्रत्येकाचाच फायदा आहे. पारावर बसून तारीख ठरली की झाले.

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचेही पुष्कळसे तसेच आहे. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने केवढे नुकसान केले ते आपण विसरलेलो नाही. फरदड न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढून टाका, असे आम्ही सांगतो. पण दहा जणांनी काढल्या आणि दोघांनी एप्रिलपर्यंत उभ्या ठेवल्या, तर अळीला त्या दोघांचे रान पुरते. पुढच्या हंगामात पतंग बांध ओळखत नाही. म्हणून पऱ्हाट्या काढण्याचा निर्णय घराघरात न होता गावात व्हायला हवा.

आणि काही डाव असे, की त्यात समोरचा एक शेजारी नसतो, लाखो माणसे असतात. कांद्याचे तसे आहे. यंदा भाव चढला म्हणून तुम्ही रोप वाढवता. त्याच सकाळी लासलगावपासून मध्य प्रदेशापर्यंत आणि गुजरातेतही लाखो शेतकरी तेच ठरवत असतात. चार महिन्यांनी सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि ज्या भावाकडे बघून लावला तो भाव उरत नाही. पुढच्या साली सगळे हात आखडतात, आणि भाव पुन्हा चढतो. या डावात आणखी एक खेळाडू आहे, तो म्हणजे सरकार. भाव फार चढला की शहरातली ओरड ऐकून ते निर्यातीचे दार लावते. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ या तीनही वेळी तसेच झाले. डिसेंबर २०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली.

लाखो लोकांशी पारावर बसून करार करता येत नाही. तिथे उपाय वेगळा : आजच्या भावाकडे पाहून क्षेत्र ठरवू नका. कृषी सेवा केंद्रात बियाणे किती खपते आहे, आजूबाजूला रोपे किती टाकली आहेत, याची चौकशी करा. सगळे धावतात तिकडे सगळे रान घेऊन धावू नका. कांदा चाळीत टिकणारा असेल तर विक्री दोन-तीन वेळांत विभागा. गर्दी मोठी असेल तर जोखीम वाटायची, माणसे मोजकी असतील तर करार करायचा, हा यातला ठोकताळा आहे.

आता पत्राचे उत्तर

पत्रलेखक महाशय, तुमच्या मुलाचा हिशेब चुकीचा नाही. तुम्ही आज मावळतीच्याच्या जागी आहात. थांबलात तर वीस, बोअर घेतले आणि पाणी लागले तर चाळीस. पण पाणी लागले नाही, तर विसांतून बोअरचे वीस गेले आणि हाती शून्य. म्हणून तुमच्या मंडळींचे म्हणणेही चुकीचे नाही. दोघांनी एक तिसरी वाट पाहिलेली नाही.

एक बोअर पडलेले आहेच. त्याच एका बोअरवर दोन्ही घरांनी चालायचे ठरवले, तर काय होते? झऱ्याचे १ लाख २० हजार, त्यातून एका बोअरचे २० हजार वजा. राहिले एक लाख, म्हणजे प्रत्येकी ५० हजार. दोन बोअरांत प्रत्येकी ४० मिळत होते. दुसरे बोअर न घेतल्याने प्रत्येक घराला दहा हजार वाचले, आणि कोरड्या बोअरची धास्तीही गेली.

शेजारी म्हणेल, "आज माझे ऐंशी आहेत, मी पन्नासावर का येऊ?" त्याला शांतपणे सांगा, की हे ऐंशी तुम्ही थांबलात तोवरचे आहेत. तुम्ही बोअर घेतले तर त्याचे चाळीस होतील. आणि तुम्ही नाही घेतले तरी पलीकडचा कोणी चारशे फूट जाईल, तेव्हा त्याच्या तीनशे फुटांचे तेच होईल जे तुमच्या पंचेचाळीस फुटांचे झाले. अजून बोअर घेतलेले नाही, हा तुमच्या हातातला पत्ता आहे. बोअरची गाडी रानात उभी राहिली की तो पत्ता संपला. म्हणून आधी बोलणे, मग बोअर. उलट नाही.

बोलणे करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. एकटे जाऊ नका आणि भांडणाच्या सुरात जाऊ नका. दोघांनाही मान देणारा एक वडीलधारा बरोबर घ्या. दोन्ही घरच्या बायकांनाही बैठकीत बसवा. बोअरचे कर्ज त्यांच्याच डागांवर निघते आणि विहीर आटली की हंडाही त्यांच्याच डोक्यावर चढतो.

२. बोअर आणि मोटार यांच्या झालेल्या खर्चातला निम्मा वाटा द्यायची तयारी ठेवा, लागल्यास हप्त्याने. फुकट पाणी मागितले तर कोणी देत नाही, आणि दिले तरी टिकत नाही.

३. पाण्याची पाळी वारांनी ठरवा. वीज दिवसा असेल त्या आठवड्यात कोणाची पाळी, रात्री असेल त्या आठवड्यात कोणाची, हेही ठरवा. भांडणे बहुधा तिथेच होतात.

४. पीक आधी ठरवा. एका बोअरवर दोन घरे चालायची तर दोघांनी उसाचा नाद सोडावा. कांद्याचे क्षेत्र कमी करून उरलेल्या रानात हरभरा किंवा ज्वारी घ्यावी.

५. ठरलेले मुद्रांकावर लिहून दोघांनी आणि साक्षीदारांनी सह्या कराव्यात. पाळी मोडली तर पहिल्या वेळी काय, दुसऱ्या वेळी काय, तेही लिहावे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. पुढे मुलांचा काळ येतो, तेव्हा तोंडचा शब्द कोणाला आठवत नाही.

६. त्याच झऱ्यावर आणखी विहिरी असतील, तर त्यांच्या मालकांनाही हळूहळू सामील करा. चार-पाच विहिरींचा गट झाला, की दर महिन्याला दोरीला खूण करून पातळी मोजा आणि वहीत लिहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते, तिथून खडकाची आणि पातळीची माहिती मिळते. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवे बोअर घेण्यावर कायद्याने बंधने आहेत, तेही विचारून घ्या.

शेजारी ऐकेचना तर? तरीही लगेच बोअर घेऊ नका. एक हंगाम विहिरीच्या पाण्यापुरतेच रान भिजवा, कमी पाण्याचे पीक घ्या, विहिरीतला गाळ काढा, ओढ्याचे पाणी गाळून विहिरीजवळ मुरवा आणि बोलणे चालू ठेवा. कर्ज काढून शून्यावर जाण्यापेक्षा विसावर एक साल काढलेले बरे. विसावर असलेला माणूस पुन्हा उठतो. डाग आणि जमीन गहाण टाकून शून्यावर गेलेल्याला उठायला वर्षे लागतात.

बंधू-भगिनींनो, यापुढे मोठा निर्णय घेताना एकच प्रश्न आधी विचारा : माझ्या समोर कोण आहे? आभाळ असेल तर घरी बसून हिशेब करा. बाजाराची गर्दी असेल तर सगळे एका डावावर लावू नका. आणि समोर शेजारी असेल, तर चप्पल पायात घाला आणि त्याच्याकडे जा. जो हिशेब दोघांचा आहे तो एकट्याने सोडवता येत नाही.

पुढील अंकी गावच्या पाण्याचा ताळेबंद घरच्या घरी कसा मांडायचा ते सांगेन. तोवर एक आकडा लक्षात ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. आपल्या शिवाराचे हेक्टर आणि यंदाचा पाऊस कागदावर लिहून ठेवा. पुढचे गणित आपण मिळून करू.